‘अर्ज केला’ की ‘अर्ज मंजूर झाला’? एच-1बीवर नोकरी बदलण्याच्या हक्काची गोष्ट

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला होता: अमेरिकेत एच-1बी व्हिसावर असताना कंपनी सोडता येते का हो? येते. पण ती कधीपासून यायला लागली आणि कशी, हा इतिहास मला फार कमी लोकांना माहीत असलेला दिसतो, इथे राहणाऱ्यांनासुद्धा. म्हणून आज तोच.

आपल्याकडे नोकरी बदलायची म्हटलं की पहिला प्रश्न असतो नोटीस पिरियड किती. हिंजवडीत 90 दिवस ऐकले की नवी कंपनी तोंड वाकडं करते. मग बायआउटची घासाघीस, मग रिलीव्हिंग लेटरसाठी एचआरच्या मागे फिरणं. सगळा ताप खरा आहे. पण त्या तापात एक गोष्ट तुमच्या डोक्यातही येत नाही: भांडण विकोपाला गेलं तरी कंपनी तुम्हाला पुण्यातून बाहेर काढू शकत नाही. घर आहे, गाडी आहे, पोराची शाळा आहे, ते सगळं तुमचं आहे. स्पॉन्सर्ड व्हिसावर नेमकी हीच गोष्ट तुमची नसते. नोकरी आणि त्या देशात राहणं, दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेलं असतं.

कारण व्हिसाचा मूळ अर्ज तुम्ही करतच नाही. तो कंपनी करते. आय-129 नावाचा फॉर्म असतो, त्यात अर्जदार म्हणजे कंपनी, आणि तुम्ही त्या अर्जातले लाभार्थी. लग्नपत्रिकेत नाव वर-वधूचं असतं, पण ‘आपले नम्र’ म्हणून सही थोरल्यांची, तसंच. आता नवी कंपनी हवी असेल तर तिला नवी पत्रिका छापावी लागते. जुन्या कंपनीची परवानगी मात्र लागत नाही, हे आधीच स्पष्ट करतो, कारण आपल्याकडे यात घोळ होतो. रत्नागिरी-चिपळूणकडच्या ज्या घरांतून माणसं आखातात गेलीत, त्यांना ‘एनओसी’ हा शब्द तोंडपाठ आहे. तिथे कफाला पद्धतीत जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र नसेल तर नवीन मालक मिळूनही उपयोग नसायचा. कतारने ती अट 2020 मध्ये कायद्यातून काढली. अमेरिकेत तशी अट एच-1बीला नव्हती. इथे अडवणूक परवानगीतून झाली नाही. ती तारखांमधून झाली. पूर्ण भागाचं सार हवं असेल त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवा, बाकीच्यांनी ऐकत राहा.

थोडं मागे जाऊ. 1885 पर्यंत.

तुम्हाला मजा वाटेल, पण त्या वर्षी अमेरिकेने नेमका उलटा कायदा केला होता. नोकरीचा करार हातात घेऊन येणाऱ्या परदेशी मजुराला बंदी! 26 फेब्रुवारी 1885 चा एलियन कॉन्ट्रॅक्ट लेबर लॉ, ज्याला फोरन कायदाही म्हणतात. कारण असं, की मालक लोक बाहेरून कराराने माणसं आणायचे, जहाजाचं भाडं भरायचे, आणि तो माणूस ते भाडं फेडेपर्यंत त्यांच्याशी बांधलेला. संपावर गेलेल्यांच्या जागी अशी माणसं उभी करता यायची. कामगार संघटना खवळल्या, नाइट्स ऑफ लेबर ही तेव्हाची मोठी संघटना कायद्याच्या मागे उभी राहिली. म्हणजे एका मालकाशी बांधलेला परदेशी कामगार हा त्याच्यासाठी वाईट आणि इथल्या कामगारासाठीही वाईट, हे गणित 140 वर्षांपूर्वी लोकांना कळलं होतं. त्या कायद्याखाली न्यूयॉर्कच्या एका चर्चवरसुद्धा खटला झाला, कारण त्यांनी इंग्लंडहून पाद्री कराराने बोलावला होता. होली ट्रिनिटी चर्चचा हा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1892 मध्ये चर्च सुटलं. कायदा अंगमेहनतीच्या मजुरांसाठी आहे, पाद्र्यासाठी नाही, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. डोक्याने काम करणाऱ्याला वेगळी खिडकी, ही कल्पना तिथे दिसते.

1952 ला मॅकॅरन-वॉल्टर कायदा आला (राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नकाराधिकार वापरला होता, काँग्रेसने तो ओलांडून कायदा केला) आणि त्यात एच-1 ही वर्गवारी जन्माला आली: विशेष गुणवत्तेची माणसं, तात्पुरत्या कामासाठी, आणि त्यांना बोलावणारा मालक. 1885 ला जे निषिद्ध होतं ते आता अट बनलं. आणि 29 नोव्हेंबर 1990 ला थोरल्या बुश यांनी सही केलेल्या कायद्याने एच-1बी तयार झाला, म्हणजे आज आपण ज्याला ‘एच-वन’ म्हणतो तो. वर्षाला 65,000 ची मर्यादा, जास्तीत जास्त सहा वर्षं, पगार बाजारभावाला धरून द्यायचा.

त्याच 1990 च्या कायद्यात ग्रीन कार्डाचाही हिशेब आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000, आणि कुठल्याही एका देशाला 7 टक्क्यांहून जास्त नाहीत. भारत काय, आइसलँड काय, मर्यादा सारखीच. हा 7 टक्क्यांचा आकडा जरा बाजूला काढून ठेवा, तो पुढे आपल्याला भेटणार आहे.

आता नव्वदचं दशक. वायटूकेचा काळ. आपल्या घरातले काका-मामा, सोसायटीतला ‘तो हुशार मुलगा’, सगळे तेव्हाच गेले. बहुतेकांना नेणाऱ्या कंपन्या म्हणजे मनुष्यबळ पुरवणारे ठेकेदार, ज्यांना सगळे बॉडी शॉप म्हणायचे. माणूस यांचा, काम तिसऱ्याच्याच ऑफिसात, मधलं कमिशन यांचं. प्रोजेक्ट नसेल तर माणूस ‘बेंच’वर. गेस्टहाउसमध्ये एका खोलीत चौघं-पाचजण, भात-वरण, आणि फोनची वाट बघणं. काही ठेकेदार बेंचवर पगारच द्यायचे नाहीत.

मग सोडत का नव्हते? ज्या ऑफिसात काम करताय तीच कंपनी म्हणाली की ये आमच्याकडे, जास्त पैसे देतो, तरी? कारण तारीख. नव्या कंपनीने अर्ज करायचा, तो आयएनएसकडे जायचा (तेव्हाचं इमिग्रेशन खातं), आणि तो मंजूर होईपर्यंत तुम्ही नव्या ठिकाणी एक दिवसही काम करायचं नाही. मंजुरीला महिने लागायचे. तेवढे महिने तुम्ही जुन्या ठेकेदाराकडेच बसायचं, तोंड बंद ठेवून. त्याला कुणकुण लागली आणि त्याने काढून टाकलं, तर कामाबरोबर स्टेटसही गेलं, आणि स्टेटस गेलं की नवा अर्जही धोक्यात. नव्या कंपनीलाही प्रोजेक्ट उद्या सुरू करायचाय, ती चार महिने कशाला थांबेल?

आपल्या भाषेत सांगायचं तर हा ब्लॉकिंग कॉल होता. रिस्पॉन्स येईपर्यंत पूर्ण थ्रेड अडकलेला. कागदावर हक्क होता, वापरता येत नव्हता.

दुसरी एक दोरी होती ती बाँडची. ‘18 महिन्यांच्या आत सोडलंस तर इतके हजार डॉलर भर.’ 21 ऑक्टोबर 1998 च्या कायद्याने यात दोन गोष्टी केल्या: बेंचवर असला तरी पगार द्यायचाच, आणि लवकर सोडल्याबद्दल दंड घ्यायचा नाही. मात्र कंपनीला झालेलं खरं नुकसान आधी ठरवून भरून घेणं चालतं, आणि दंड कुठला व नुकसान कुठलं हे त्या त्या राज्याच्या कायद्याने ठरवायचं. ही फट केवढी मोठी आहे बघा. मी स्वतः पहिली कंपनी सोडली तेव्हा (नाव घेत नाही, पुण्यातूनच मला पाठवलेलं) मला एक पत्र आलं, ‘प्रशिक्षण खर्च’ म्हणून गोल आकडा. मी वकिलाला दाखवलं. तिने उलट एकच ओळ लिहून पाठवली: हा आकडा कसा काढला त्याचा तपशील द्या. त्यानंतर काही आलं नाही. माझ्या बरोबरच्या दोघांनी मात्र पत्र बघूनच राजीनामा मागे घेतला, त्यांना दोष देणार नाही. पत्राचं काम तेच असतं.

आता येतो मुख्य दिवस. 17 ऑक्टोबर 2000.

त्या दिवशी क्लिंटन यांनी एका कायद्यावर सही केली. नाव लांबलचक आहे, सगळे एसी-21 म्हणतात. सिनेटमध्ये तो 96 विरुद्ध 1 मतांनी पास झाला होता. बातम्या सगळ्या एकाच आकड्याच्या होत्या: एच-1बीची मर्यादा तीन वर्षांसाठी 1,95,000. सिलिकॉन व्हॅलीला माणसं हवी होती, तिने जोर लावला, तिला ती मिळाली. पण त्या कायद्यात कलम 105 म्हणून एक छोटं कलम होतं. त्याने सांगितलं की कायदेशीर आलेला, विनापरवाना काम न केलेला एच-1बीधारक, त्याची मुदत संपायच्या आत नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की नव्या कामावर रुजू होऊ शकतो. मंजुरीची वाट बघायची गरज नाही. अर्ज पुढे फेटाळला गेला तर मात्र तिथली परवानगी संपली.

एवढाच बदल. ‘मंजूर झाला’च्या जागी ‘दाखल केला’. पण चार महिन्यांची गोष्ट चार दिवसांवर आली, आणि ज्या ठेकेदाराकडे माणूस अडकलेला होता त्याला पहिल्यांदा भीती वाटली की हा उद्या जाऊ शकतो. माझं मत विचाराल तर हा बदल कामगारांच्या कळवळ्याने झालेला नाही. मोठ्या कंपन्यांना ठेकेदारांकडची माणसं लवकर उचलायची होती. ठीक आहे, फायदा तर झाला.

इथे दोन व्यवहाराच्या गोष्टी. एक: एकदा मर्यादेत मोजला गेलेला माणूस नोकरी बदलताना पुन्हा मोजला जात नाही, म्हणजे लॉटरी पुन्हा नाही. पण विद्यापीठातल्या एच-1बीला मुळात मर्यादाच नसते. तिथून कंपनीत यायचं तर लॉटरीला बसावं लागतं. पोस्टडॉक करणारे यात फसतात. दोन: अर्ज दाखल झाल्याची पावती आली की रुजू होता येतं हे खरं, पण नकार आला तर खाली जाळी नसते. म्हणून बरेच जण जादा पैसे भरून लवकर निकाल मागवतात. ती प्रीमियमची सोय 2001 च्या जूनमध्ये सुरू झाली, तेव्हा 1,000 डॉलरमध्ये 15 दिवसांत उत्तर. आता शुल्क बरंच वाढलंय. मी निकालासाठी थांबलो होतो. माझा एक रूममेट पावतीवरच सोमवारी जाऊन बसला. दोघंही बरोबर होतो.

कलम 105 आलं तेव्हा डॉटकॉमचा फुगा फुटायला लागलेला होता. बघा नशीब! नॅस्डॅक 2000 च्या मार्चमध्ये 5,000 वर होता, तिथून घसरतच गेला, आणि 2001 मध्ये कपात सुरू झाली. तेव्हा लोकांना कळलं की कलम 105 उडी मारणाऱ्यासाठी आहे, ढकललेल्यासाठी नाही. नोकरी गेली त्या दिवशी स्टेटस गेलं, कायद्यात सवलतीचे दिवस शून्य. सामान विकून, गाडी विमानतळावर सोडून लोक परतले अशा गोष्टी तुम्ही घरातल्या मोठ्यांकडून ऐकल्या असतील.

ती फट बुजवायला 16 वर्षं लागली. 17 जानेवारी 2017 पासून नवा नियम लागू झाला: नोकरी संपल्यापासून 60 दिवसांपर्यंत, किंवा आय-94 वरची मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल ते, तुम्ही स्टेटसमध्ये धरले जाऊ शकता. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज केला तर तुम्ही वाचलात. 2022-23 च्या हिवाळ्यात मेटाने 11,000 आणि गूगलने 12,000 लोक कमी केले, तेव्हा लिंक्डइनवर आपल्या पोरांच्या पोस्टमध्ये ‘अजून 43 दिवस’ असे आकडे दिसत होते. 60 दिवस म्हणजे आपल्या नोटीस पिरियडहूनही कमी. त्यात पाच-सहा मुलाखतींच्या फेऱ्या, ऑफर, वकील, आणि अर्ज दाखल. 2001 वाल्यांना तेवढेही नव्हते.

आता ग्रीन कार्ड. ते 7 टक्के आठवतात ना? एच-1बीधारकांत भारतीय सुमारे 70 टक्के, आणि कार्डं 7 टक्के. रांग लागणारच. रांगेत तुमचा नंबर म्हणजे प्रायॉरिटी डेट, आणि दर महिन्याला निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये सांगतात की अमुक तारखेपर्यंतच्यांनी पुढे या. एसी-21 ने इथेही काही दिलं होतं: रांगेत असणाऱ्याला सहा वर्षांनंतरही एच-1बी वाढवता येतो, आणि शेवटचा अर्ज, आय-485, दाखल होऊन 180 दिवस झाले की तशाच प्रकारच्या दुसऱ्या नोकरीवर ग्रीन कार्डाच्या प्रक्रियेसकट जाता येतं. पुन्हा बघा, सगळं ‘दाखल’ कधी झालं यावर. आणि दाखल करायला तारीख आली पाहिजे.

2007 च्या जूनमध्ये चमत्कार झाला. जुलैचं बुलेटिन आलं आणि त्यात जवळजवळ सगळ्या नोकरीवाल्या वर्गांना तारीख खुली! कुणीही अर्ज करा. लोकांनी डॉक्टरकडे तपासणीसाठी रांगा लावल्या, भारतातून जन्मदाखले मागवले, वकिलांच्या ऑफिसात रात्री जागवल्या. आणि 2 जुलैला, अर्ज घ्यायच्या पहिल्याच कामाच्या दिवशी, खात्याने सांगितलं: नंबर संपले, अर्ज घेणार नाही.

त्याच्या आदल्या वर्षी ‘लगे रहो मुन्नाभाई’ आला होता. मुंबईतल्या टपोरीने शिकवलेली गांधीगिरी, सरळ वॉशिंग्टनला पोचली. लोकांनी ठरवलं, दगड नाही, फुलं पाठवायची. 10 जुलैला यूएससीआयएसचे संचालक एमिलियो गोंझालेझ यांच्या ऑफिसात शेकड्यांनी पुष्पगुच्छ जाऊन पडले. साहेबांनी ते वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे पाठवून दिले. त्याच आठवड्यात सॅन होजेत लोक रस्त्यावर उतरले. सोबत वकिलांच्या संघटनेकडून कोर्टात जायची तयारी होती, हेही सांगायला हवं, फक्त फुलांनी झालं असं म्हणणं सिनेमा होईल. पण 17 जुलैला खात्याने माघार घेतली आणि 17 ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले.

ज्यांनी त्या एका महिन्यात अर्ज टाकला ते 180 दिवसांनी मोकळे झाले. कार्ड नाही मिळालं, त्याला पुढे वर्षं लागली, पण नोकरी बदलता आली, जोडीदाराला कामाची परवानगी मिळाली. जे त्या महिन्यात भारतात सुट्टीवर होते, किंवा ज्यांच्या कंपनीने आधीचे कागद वेळेत केले नव्हते, ते राहिले. एकाच ऑफिसात, शेजारच्या खुर्च्यांवर बसणारे दोघं. आज चाळिशी-पन्नाशीतल्या देसी मंडळींना ‘2007’ एवढंच म्हणून बघा, चेहऱ्यावरून कळतं कोण कुठल्या बाजूला होतं.

जे राहिले त्यांना नोकरी बदलताना नव्या कंपनीकडे लेबर सर्टिफिकेशन आणि आय-140 दोन्ही पुन्हा करावं लागतं. नंबर जुनाच राहतो, हे बरं. पण पूर्वी एक शस्त्र जुन्या कंपनीच्या हातात होतं: तुम्ही गेलात की ती मंजूर आय-140 मागे घ्यायची, आणि त्याच्या आधारावर सहा वर्षांपुढची मुदतवाढ मागता यायची नाही. 2017 च्या त्याच नियमाने हे बोथट केलं. मंजुरीला 180 दिवस होऊन गेले असतील तर कंपनीने मागे घेतली तरी ती आपोआप रद्द होत नाही. म्हणून इथले लोक आय-140 मंजूर झाल्यावर फोनमध्ये सहा महिन्यांनंतरचं रिमाइंडर लावतात आणि त्याच्या आधी मॅनेजरशी फार गोड वागतात. हसू नका, मीही लावलंय.

आणि 19 सप्टेंबर 2025. शुक्रवार. नव्या एच-1बी अर्जावर 1,00,000 डॉलर भरायचे, अशी घोषणा राष्ट्राध्यक्षांनी केली, रविवारपासून लागू. शनिवारभर सगळ्यांचे व्हॉट्सॅप ग्रुप पेटलेले. कंपन्यांनी सुट्टीवर गेलेल्यांना ‘लगेच परत या’ म्हणून मेल केले. दिवाळीची तिकिटं रद्द झाली. मग खुलासा आला की आधीपासून व्हिसा असलेल्यांना हे नाही, आणि ऑक्टोबरमधल्या सूचनेत स्पष्ट झालं की अमेरिकेत राहून मुदतवाढ मागणाऱ्यांनाही ते लागू नाही. नोकरी बदलण्याचा अर्ज तिथे राहून, स्टेटसमध्ये असताना केला तर त्यातच मोडतो. बाहेर पडून, नव्याने यायचं म्हटलं तर मात्र हिशेब वेगळा. त्या खुलाशानंतर मला भारतातून आलेले सगळे मेसेज ‘वाचलास’ असे होते. माझ्या टीममधला एक जण तेव्हा 60 पैकी 38व्या दिवशी होता. त्याने वकिलाला एकच प्रश्न केला: अर्ज कुठल्या तारखेला दाखल धरणार, कुरिअर पोचेल ती, की पावतीवर छापून येईल ती?

7 टक्क्यांची मर्यादा अजून आहे. ती काढायचं विधेयक 2019 च्या जुलैत प्रतिनिधीगृहात 365 विरुद्ध 65 ने पास झालं, 2020 च्या डिसेंबरमध्ये सिनेटने त्याचा वेगळा मसुदा पास केला, आणि दोन्ही मसुद्यांचा मेळ बसायच्या आत ती काँग्रेस संपली. बुलेटिनमध्ये भारताच्या रकान्यातली तारीख दहा वर्षांहून जुनी आहे.

पुढच्या भागात एच-4 वाल्यांची गोष्ट, म्हणजे सोबत आलेल्या जोडीदारांची. 2015 ला त्यांच्यातल्या काहींना कामाची परवानगी कशी मिळाली ते. तुमच्या घरात कुणी नव्वदच्या दशकात बेंचवर बसलेलं असेल तर त्यांना एक व्हॉइस नोट पाठवायला सांगा. नाव सांगितलं नाही तरी चालेल, गेस्टहाउसमध्ये किती जण होता ते मात्र सांगा.